शंका-समाधान : उन्हाने मोडते, उन्हानेच सांधते

उन्हाळ्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे पाने, ऊन आणि अतिनील किरण यांभोवतीच फिरत होती, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने समजणार आहेत.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या नववीच्या मुलांनी पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातला जुना अतिनील दिवा मिळवला आणि मोहरीच्या कोवळ्या रोपांच्या दोन ट्रेंवर सारखाच वेळ त्याचा प्रकाश टाकला. नंतर एक ट्रे व्हरांड्यात उजेडात ठेवला आणि दुसरा पाटीखाली झाकून ठेवला. झाकलेल्या रोपांची पाने तिसऱ्या दिवशी तपकिरी पडून मुडपली. उजेडातली रोपे मात्र बरीचशी टिकली. उन्हातही अतिनील किरण असतात, तेव्हा उजेडातली रोपे अधिक बिघडायला हवी होती. मुलांचे काही चुकले का? (माध्यमिक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : मुलांचे काही चुकलेले नाही. पाऊणशे वर्षांपूर्वी दोन मुरब्बी संशोधकांना ज्या गोष्टीने चकवले होते, तीच आपल्या विद्यार्थ्यांच्या ट्रेमध्ये दिसली आहे. मात्र आधी त्या दिव्याविषयी बोलायला हवे. असा दिवा सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण देतो आणि हे किरण यूव्ही-सी या गटात मोडतात. सूर्यही ते सोडतो, परंतु वातावरणातील ऑक्सिजन आणि ओझोन त्यांना वरच्या वर शोषून घेतात, त्यामुळे जमिनीवरच्या उन्हात ते नसतात. आपल्यापर्यंत पोहोचतात ते ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे यूव्ही-ए किरण आणि २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या यूव्ही-बी किरणांचा उरलासुरला भाग. म्हणजे मुलांनी रोपांना जे दिले ते ऊन नव्हते, उन्हापेक्षा कितीतरी तीव्र असे काहीतरी होते. हा दिवा उघड्यावर लावल्यास डोळ्यांना आणि त्वचेला थोड्याच वेळात इजा होते. पुढच्या वेळी तो बंद खोक्यातच लावावा आणि मुलांनी त्याच्याकडे मुळीच पाहू नये.

आता पेशीत काय घडले ते पाहू. डीएनएच्या दुपदरी साखळीतील चार घटकांपैकी थायमिन आणि सायटोसिन हे दोन घटक अतिनील किरणांच्या दृष्टीने नाजूक असतात. एकाच पदरावर यांपैकी कोणतेही दोन घटक शेजारी शेजारी आले आणि त्यांनी अतिनील किरणाची ऊर्जा शोषली, तर समोरच्या पदराशी असलेले त्यांचे नाते सैल पडते आणि ते एकमेकांनाच घट्ट चिकटतात. कपड्याच्या चेनचे दोन शेजारचे दात एकमेकांत अडकून बसावेत आणि वरून येणारी कडी तिथेच थांबावी, तसा हा प्रकार आहे. जनुकाची नक्कल काढत येणारे विकर त्या गाठीपाशी अडते. पेशी विभागण्यापूर्वी सगळा डीएनए दुप्पट करणारे विकरही तिथेच अडते. या गाठी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. सुमारे तीन चतुर्थांश गाठी सायक्लोब्युटेन डायमर या प्रकारच्या असतात. त्यांत दोन घटकांमध्ये चार कार्बन अणूंचे चौकोनी कडे तयार होते. बाकीच्या बहुतेक गाठींना, बंध कोणत्या अणूंमध्ये जुळला यावरून, सहा-चार असे नाव आहे.

१९४९ साली प्रसिद्ध झालेली दोन निरीक्षणे आपल्या प्रयोगाची थोरली भावंडे म्हणता येतील. न्यू यॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत अल्बर्ट केल्नर हे, ज्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळते त्याच्या बीजाणूंवर अतिनील किरण सोडून किती वाचतात ते मोजत होते. आकडे काही केल्या जुळेनात. कधी जवळजवळ सगळे बीजाणू मरत, तर कधी त्यांतले कितीतरी पुन्हा वाढीला लागत. आधी तापमानावर संशय गेला; पण अखेर उलगडा झाला तो असा की काही नमुने खिडकीच्या उजेडात राहत होते आणि तेच वाचत होते. त्याच सुमारास इंडियाना विद्यापीठात रेनाटो दुलबेको यांना अतिनील किरणांनी निकामी केलेले जीवाणुभक्षी विषाणू पुन्हा सक्रिय झालेले आढळले. एकावर एक रचलेल्या बशांपैकी ट्यूबलाइटचा उजेड ज्यांवर अधिक पडत होता, त्यांत हा परिणाम ठळक होता. प्रयोगाच्या आकड्यांतील ज्या गोंधळाला आपण एरवी हातचलाखी किंवा हलगर्जी समजून सोडून देतो, त्यातून कधी कधी असा शोध निघतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

उजेडाने हे साधते कसे, याचे उत्तर फोटोलायेज नावाच्या विकरात आहे. पेशीत असे विकर असते, हे क्लॉड रुपर्ट यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवले आणि पुढे त्यांचेच विद्यार्थी अझीझ सँकार यांनी त्याचे जनुक वेगळे काढून त्याची कार्यपद्धती उलगडली. २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डीएनएच्या दुरुस्तीवरील कामासाठी सँकार, टॉमस लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांना विभागून मिळाले. फोटोलायेजच्या पोटात ब-२ जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू बसवलेला असतो. विकर डीएनएवरची गाठ शोधून तिला चिकटते, तिला साखळीतून बाहेर वळवून आपल्या खाचेत घेते आणि निळ्या किंवा यूव्ही-ए प्रकाशाचा कण मिळेपर्यंत थांबते. प्रकाश मिळताच तो रेणू गाठीला एक इलेक्ट्रॉन उसना देतो, गाठीतले बंध तुटतात, दोन्ही घटक मोकळे होतात आणि उसना दिलेला इलेक्ट्रॉन परत येतो. ही शेवटची क्रिया सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्या आसपास आटोपते. वेळ लागतो तो गाठी शोधण्यात, म्हणून संपूर्ण पानाची सफाई व्हायला काही तास जातात. डीएनएचा एकही तुकडा कापावा लागत नाही, काही नवे भरावे लागत नाही. दुरुस्तीचा यापेक्षा काटकसरीचा मार्ग जीवसृष्टीत क्वचितच असेल.

वनस्पतींत दोन्ही प्रकारच्या गाठींसाठी दोन स्वतंत्र फोटोलायेज असतात. अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्याच कुळातल्या, प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या इवल्याशा रोपात यांपैकी एखादे जनुक बिघडले, तर ते रोप यूव्ही-बीला फार लवकर बळी पडते. वनस्पतींपाशी याशिवाय दुसरीही एक दुरुस्ती आहे, जिला उजेड लागत नाही. तिच्यात गाठीच्या दोन्ही बाजूंना काप घेऊन पंचवीस-तीस घटकांचा तुकडाच काढून टाकला जातो आणि समोरचा पदर पाहून तो पुन्हा भरला जातो. हे काम अनेक प्रथिनांच्या हातून होते आणि संथ चालते. माणसाकडे फोटोलायेज उरलेलेच नाही, त्यामुळे आपली सारी भिस्त या दुसऱ्या पद्धतीवर आहे. ती ज्यांच्यात जन्मतः अधू असते, त्या झेरोडर्मा पिगमेंटोसमच्या रुग्णांना साधे ऊनही घातक ठरते.

आपल्या झाकलेल्या ट्रेमधील रोपांना केवळ ही संथ दुरुस्ती उपलब्ध होती, तर व्हरांड्यातल्या रोपांना दोन्ही. निष्कर्षाला बळकटी यावी म्हणून एक तिसरा ट्रे हवा होता : किरण न दिलेला, पण पाटीखाली झाकलेला. अंधाराने रोपे पिवळी पडतात आणि लांबट, अशक्त होतात, तेव्हा तपकिरी डाग अंधाराचे की किरणांचे हे त्या ट्रेवरूनच खात्रीने सांगता आले असते. प्रदर्शनात परीक्षकांनी नेमके हेच विचारले तर आश्चर्य वाटू देऊ नये.

प्रश्न : ही दुरुस्तीची क्षमता भाताच्या सगळ्या जातींत सारखीच असते का? (कृषी पदविकेचा विद्यार्थी, भंडारा)

उत्तर : नसते, आणि यातला फरक किती बारीक असू शकतो याचे उत्तम उदाहरण भातातच सापडते. जपानमधील सासानिशिकी ही भाताची जात यूव्ही-बी चांगले सोसते, तर नोरिन-१ ही तिच्या नात्यातलीच जात त्याच किरणांखाली खुरटते. तोहोकू विद्यापीठातील संशोधकांनी या फरकाचा माग काढला, तेव्हा तो सायक्लोब्युटेन गाठी सोडवणाऱ्या फोटोलायेजपर्यंत पोहोचला. या विकराच्या साखळीत १२६ व्या जागी सासानिशिकीत ग्लुटामिन हे अमिनो आम्ल असते आणि नोरिन-१ मध्ये आर्जिनिन. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीत हा एवढाच बदल आहे. त्याने विकर मरत नाही, पण त्याचे काम मंदावते, आणि रोजच्या रोज साचत जाणाऱ्या गाठी पाहता मंदावणेही महागात पडते. भाताचे हे विकर केवळ केंद्रकात नव्हे, तर हरितलवकांत आणि तंतुकणिकांतही आढळते. ते योग्यच आहे, कारण त्या दोन्ही अंगकांत स्वतःचा डीएनए असतो आणि हरितलवक तर दिवसभर उन्हातच असतात.

यावरून विदर्भातल्या कोणत्या जातीत कोणते अमिनो आम्ल असेल, असा तर्क मात्र करू नये. त्यासाठी त्या त्या जातीचे जनुक वाचावे लागते. बांधावरून पाहून ते कळत नाही.

प्रश्न : झाडाला डोळे नाहीत, त्वचेला चटका बसल्याची जाणीव नाही. मग अतिनील किरण पडत आहेत हे त्याला कसे कळते? की इजा झाल्यावरच ते जागे होते? (वाचक, पुणे)

उत्तर : इजा झाल्यावर जागे होणारी यंत्रणा झाडाकडे आहेच, तिच्याविषयी पुढे येईल. पण त्याआधीच, म्हणजे फारशी इजा करू न शकणाऱ्या मंद यूव्ही-बीलाही वनस्पती ओळखते. त्यासाठी तिच्याजवळ यूव्हीआर-८ नावाचे एक खास प्रथिन आहे. हे प्रथिन ज्यात बिघडले आहे असे अ‍ॅराबिडॉप्सिसचे रोप २००२ साली वर्णिले गेले, तेव्हा ते किरणांना फार नाजूक आहे एवढेच लक्षात आले होते. हे प्रथिन स्वतःच प्रकाश टिपते, हे रोमान उल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले आणि लगोलग २०१२ साली त्याची त्रिमितीय रचनाही हाती आली.

या प्रथिनाची मौज अशी की त्याला वेगळे रंगद्रव्य लागतच नाही. लाल प्रकाश ओळखणारी फायटोक्रोम आणि निळा प्रकाश ओळखणारी क्रिप्टोक्रोम ही प्रथिने दुसरा एखादा रंगीत रेणू पोटाशी बाळगतात. (क्रिप्टोक्रोम हे तर जुन्या फोटोलायेजचेच वंशज, दुरुस्ती करणाऱ्या घराण्यातले काही जण पुढे पहारेकरी झाले.) यूव्हीआर-८ मात्र स्वतःच्या साखळीतील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लावर काम भागवते. ट्रिप्टोफॅन यूव्ही-बी शोषते, हे प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. परंतु निसर्गाने त्याचाच डोळा केला असेल, हे बरीच वर्षे कोणाच्या मनात आले नाही.

एरवी यूव्हीआर-८ ची दोन प्रथिने एकमेकांना बिलगून जोडीने असतात. त्यांच्या सांध्यापाशी असलेल्या ट्रिप्टोफॅनांनी, त्यांतही २३३ आणि २८५ क्रमांकाच्या दोघांनी, यूव्ही-बी शोषले की जोडीला धरून ठेवणारे विद्युतभारांचे बंध सुटतात आणि दोघे वेगळे होतात. सुटे यूव्हीआर-८ केंद्रकात साचते आणि तिथे कॉप-१ नावाच्या प्रथिनाला पकडते. कॉप-१ चे काम म्हणजे एचवाय-५ या प्रथिनाला सतत मोडीत काढणे. ते अडकून पडले की एचवाय-५ टिकते, साचते आणि कितीतरी जनुकांना कामाला लावते. यांत फ्लॅव्होनॉइड, म्हणजे यूव्ही-बी अडवणारे पदार्थ, बनवणारी विकरे असतात, फोटोलायेजचे जनुक असते, आणि यूव्हीआर-८ ला पुन्हा जोडीत बसवून इशारा थांबवणारी प्रथिनेही असतात. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. इशारा देणाऱ्या घंटेला ती थांबवणारा हातही हवा, नाहीतर झाड संरक्षणावरच सारी ऊर्जा उधळून बसेल.

महाराष्ट्रातल्या झाडांना ही घंटा बहुतेक रोज ऐकू येते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावली दिवस म्हणतो. सूर्य डोक्यावर असला की किरणांना ओझोनच्या थरातून कमीत कमी वाट कापावी लागते आणि यूव्ही-बीचे प्रमाण वाढते. सूर्य कलता असताना, म्हणजे सकाळी आणि सायंकाळी, दृश्य प्रकाश भरपूर असूनही यूव्ही-बी अगदी थोडे उरते. झाडाच्या दृष्टीने सकाळचे ऊन आणि दुपारचे ऊन ही केवळ कमी-जास्त ऊन नसून दोन वेगळी उन्हे आहेत.

प्रश्न : आम्ही शेडनेटमध्ये मिरची आणि टोमॅटोची रोपे तयार करतो. काही शेतकरी रोपे नेऊन थेट लावतात आणि दोन दिवसांत पानांवर पांढरे चट्टे पडल्याची तक्रार घेऊन येतात. हे अतिनील किरणांमुळे होते का? आमच्या पॉलिहाऊसच्या कागदावर ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ असे लिहिलेले असते, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? (रोपवाटिका व्यावसायिक, नाशिक जिल्हा)

उत्तर : एकट्या अतिनील किरणांवर सगळा दोष टाकणे बरोबर होणार नाही. सावलीत वाढलेल्या पानाला अचानक मिळणारा दृश्य प्रकाशच त्याच्या प्रकाशसंश्लेषणाच्या क्षमतेबाहेरचा असतो. वर मुळे नुकतीच हललेली, पाणी कमी, पान तापलेले. हरितलवकांतील डी-१ हे प्रथिन कडक उन्हात सतत मोडत असते आणि सतत नवे घडत असते. मोडण्याचा वेग घडण्याच्या वेगापेक्षा वाढला की ऊर्जा वाट चुकते, ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात, हरितद्रव्य विरते आणि आपल्याला पांढरा चट्टा दिसतो. यूव्ही-बी या प्रथिनालाही इजा करते आणि सावलीतल्या पानाच्या बाह्यत्वचेत त्याला अडवणारे फ्लॅव्होनॉइड पुरेसे नसतात, म्हणून त्याचा वाटा आहे, परंतु तो अनेकांतला एक आहे.

संरक्षणाची जनुके यूव्ही-बी मिळाल्यावर काही तासांत चालू होतात, पण प्रत्यक्ष पदार्थ पेशीत साठायला दिवस लागतात. आपल्याकडे लावणीपूर्वी आठ-दहा दिवस रोपे कडक करण्याची जी पद्धत आहे, म्हणजे पाणी थोडे तोडणे आणि जाळी दररोज थोडा अधिक वेळ बाजूला करणे, ती याच कारणाने गुणकारी आहे. सुरुवात सकाळच्या उन्हाने करून हळूहळू दुपारकडे जावे. यूव्ही-बीमुळे खोडाची लांबी आटोक्यात राहते आणि रोप ठेंगणे, दणकट होते, हा वरचा फायदा. शेतकऱ्याने रोपे घाईने उचलून नेली तर ही पायरी गाळली जाते आणि तक्रार मात्र रोपवाटिकेकडे येते, हे आपल्याला सांगायला नको.

कागदावरच्या शब्दांविषयी : ते प्रामुख्याने प्लॅस्टिकच्या आयुष्याबद्दल असतात. साधे पॉलिथिन उन्हाने ठिसूळ होऊन फाटते, म्हणून त्यात काही रसायने मिसळतात. त्यांतली काही रसायने अतिनील किरण शोषून घेतात, तर काही ते न शोषता केवळ प्लॅस्टिकमधील विघटन रोखतात. त्यामुळे त्या शब्दांवरून आत किती यूव्ही-बी येते हे कळत नाही. ते विक्रेत्याला वेगळे विचारावे लागते. लाल लेट्यूससारखी पिके यूव्ही-बी अडवणाऱ्या कागदाखाली हिरवट राहतात आणि त्यांचा भाव पडतो, तेव्हा रंगाची पिके घेणाऱ्यांनी तर ही चौकशी करायलाच हवी.

प्रश्न : चैत्रात आंब्याची, पिंपळाची आणि विशेषतः कुसुमाची पालवी लालभडक असते. ही लाली म्हणजे झाडाने लावलेले ‘सनस्क्रीन’ असे एका व्याख्यानात ऐकले. खरे का? (वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : अर्धेच खरे. पालवीची लाली अँथोसायनिन या रंगद्रव्यांची असते आणि ती मुख्यतः हिरवा प्रकाश शोषतात. म्हणून तर ती आपल्याला तांबडी दिसतात. कोवळ्या पानातील अर्धवट घडलेल्या हरितलवकांवर पडणारा जादा दृश्य प्रकाश ती अडवतात, असे एक मत आहे. कीटकांना आणि बुरशीला दूर ठेवतात, असे दुसरे. लालीच्या कारणांवर शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही आणि वेगवेगळ्या झाडांत कारणे वेगवेगळी असणे शक्य आहे.

यूव्ही-बी अडवण्याचे खरे काम करतात ते बिनरंगी किंवा फिकट पिवळे पदार्थ, जे आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत : क्वेर्सेटिन आणि केम्पफेरॉल यांच्यासारखे फ्लॅव्होनॉइड, आणि सिनॅपिक आम्लासारखी द्रव्ये. पानाच्या बाह्यत्वचेतील पेशींच्या रिक्तिकांत ते विरघळून राहतात. तिथे ते यूव्ही-बी गिळतात, पण प्रकाशसंश्लेषणाला लागणारा निळा आणि लाल प्रकाश आत जाऊ देतात. निवड अशी चोख असते. हे पदार्थ बनवू न शकणारी अ‍ॅराबिडॉप्सिसची रोपे यूव्ही-बीखाली लवकर कोमेजतात, हे १९९० च्या दशकातच सिद्ध झाले. यूव्ही-बी वाढले की पाने केम्पफेरॉलच्या तुलनेत क्वेर्सेटिन अधिक बनवू लागतात. दोन्ही पदार्थ किरण जवळपास सारखेच शोषतात, मग हा पक्षपात का? क्वेर्सेटिनच्या एका कड्यावर हायड्रॉक्सिलचा एक गट जास्त असतो आणि त्यामुळे ते ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंना अधिक चांगले निष्प्रभ करते. म्हणजे तेच द्रव्य छत्रीचे काम करते आणि आत शिरलेला पाऊसही पुसते. घरात हे क्वेर्सेटिन पाहायचे तर कांद्याची वाळलेली साल घ्यावी. तिच्यात ते भरपूर असते.

या युक्तीचा कळस पूर्व हिमालयात चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर वाढणाऱ्या ऱ्हियम नोबाइल या वनस्पतीत दिसतो. उंचीगणिक, साधारण दर हजार मीटरला दहा टक्क्यांनी, अतिनील किरण वाढत जातात. ही वनस्पती आपला फुलोरा फिकट पिवळ्या, अर्धपारदर्शक पानांच्या आवरणात झाकते. त्या पानांत क्वेर्सेटिनची संयुगे असतात; ती अतिनील किरण अडवतात, तर दृश्य प्रकाश आणि ऊब आत जाते. उघड्या डोंगरउतारावर हिरव्या झुडपांच्या वर ताठ उभे असलेले ते फिकट मनोरे लांबूनही ओळखू येतात.

प्रश्न : जन्मभर उन्हात उभ्या असलेल्या वडाला त्वचेचा कर्करोग का होत नाही? दुरुस्ती अपुरी पडली तर त्या पेशींचे पुढे काय होते? (वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : प्रश्नाचा पहिला भाग तुलनेने सोपा आहे. वनस्पतीची पेशी शेजारणीशी भिंतीने जोडलेली असते; ती जागा सोडून वाहत जाऊन दुसरीकडे घर करू शकत नाही. त्यामुळे बेसुमार वाढलेल्या पेशींची गाठ आली तरी ती तिथल्या तिथे राहते. झाडांवर गाठी दिसतात त्याही बहुधा कीटकांच्या, बुरशीच्या किंवा जीवाणूंच्या कारवाया असतात, उन्हाच्या नव्हेत.

दुसऱ्या भागात मात्र तुम्हाला ओळखीचे चेहरे भेटतील. डीएनए बिघडल्याची खबर वनस्पतीतही एटीएम आणि एटीआर या विकरांमार्फतच जाते. त्यापुढे प्राण्यांत जिथे पी-५३ हे प्रथिन निर्णय घेते, तिथे वनस्पतीत सॉग-१ नावाचे वेगळेच प्रथिन असते. पी-५३ वनस्पतींकडे नाहीच. दोन घराणी, दोन स्वतंत्र शोध, पण काम बरेचसे एक : पेशीविभाजन थांबवणे, दुरुस्तीला वेळ देणे आणि दुरुस्ती आवाक्याबाहेर असेल तर पेशीला निरोप देणे. यूव्ही-बी दिलेल्या अ‍ॅराबिडॉप्सिसच्या मुळाच्या टोकाशी असलेल्या मूळ पेशी (स्टेम सेल) ठरवून मरतात आणि सॉग-१ बिघडले असेल तर त्या तशा मरत नाहीत. वाढत्या पानातील पेशी आणखी एक वाट धरतात. त्या विभागणे सोडतात, पण डीएनए दुप्पट करत राहतात आणि आकाराने मोठ्या होतात. बिघडलेली प्रत पुढच्या पिढीच्या पेशीला न देता पान पूर्ण करण्याचा हा मार्ग आहे. तसेही पान म्हणजे झाडाचे तात्पुरते अंग. गळून पडले की त्यातला बिघाडही गेला.

जपायला हवा तो शेंडा. प्राण्यांत जननपेशी गर्भावस्थेतच बाजूला ठेवल्या जातात. झाडात तशी सोय नाही. आज पाने काढणारा शेंडाच उद्या फुले काढतो आणि त्याच पेशींपासून पराग व बीजांडे घडतात. म्हणून शेंड्यातली विभाजी ऊती कोवळ्या पानांच्या अनेक घड्यांत दडलेली असते. परागकणांना अखेरीस उघड्यावर जावेच लागते. त्यांच्या कठीण कवचातही किरण शोषणारी फिनॉलिक द्रव्ये विणलेली असतात.

तरीही क्वचित शेंड्यातल्या पेशीत बदल होतो आणि एखादी फांदी वेगळीच निघते. द्राक्ष बागायतदारांना हे नवे नाही. सोनाका आणि तास-ए-गणेश या जाती थॉमसन सीडलेसच्या वेलीत आढळलेल्या अशाच बदलांतून निवडल्या गेल्या. हे बदल अतिनील किरणांनीच घडवले असे म्हणायला आधार नाही, कारण डीएनएची नक्कल काढतानाही चुका होतात. अतिनील किरणांची खूण म्हणता येईल असा बदल म्हणजे शेजारी शेजारी असलेल्या घटकांपैकी सायटोसिनच्या जागी थायमिन येणे. तुमच्या अभ्यासक्रमात त्वचेच्या कर्करोगाच्या संदर्भात तो आलाच असेल.

प्रश्न : आमच्या सदनिकेला गॅलरी नाही. काचेच्या खिडकीआतली कृष्ण तुळस हळूहळू हिरवी होत चालली आहे. तिला अतिनील किरणांचा दिवा लावावा का? (वाचक, मुंबई)

उत्तर : मुळीच लावू नये. खिडकीची साधी काच यूव्ही-बी जवळजवळ पूर्ण अडवते, यूव्ही-ए बरेचसे आत सोडते. त्यामुळे आपल्या तुळशीच्या पेशींत गाठी पडतच नाहीत म्हटले तरी चालेल आणि जांभळा रंग धरण्याचा इशाराही क्षीण होतो. शिवाय खिडकीआत एकूण उजेडच कमी असतो आणि रंग उतरण्यात त्याचाही मोठा हात आहे. खिडकी उघडी ठेवून तीन-चार तासांचे थेट ऊन मिळते का ते पाहावे. इतके दिवस काचेआड राहिलेल्या जुन्या पानांना ते एकदम सोसणार नाही, तेव्हा पहिला आठवडाभर सकाळचेच ऊन द्यावे. नवी पाने येतील ती जांभळट झाक घेऊनच येतील.